नाही म्हणायचा हक्क

इटलीच्या किनाऱ्यावरच्या पुंता मोरेल्लात औषधाचं दुकान एकच, ते एर्सीलियाचं. तरीही तिचा सख्खा दीर लोरेतो रक्तदाबाच्या गोळ्या शेजारच्या गावातून आणायचा. त्यासाठी गाडी काढायची, टेकडी उतरायची, पलीकडची चढायची. एखाद्या दिवशी त्याची जुनी हिरवी गाडी चौकातून गेली, की ओट्यावर पत्ते कुटणारे म्हातारे म्हणत, "चालला. जाता जाता दाब इतका चढेल की दोन गोळ्या वाटेतच लागतील."

वैर होतं समुद्रावरून. एका परदेशी कंपनीला किनाऱ्यासमोर तेलविहीर खोदायची होती. लोखंडी सांगाडा उभा राहणार होता तो सकाळी खिडकी उघडली की दिसेल इतक्या जवळ. लोरेतो तेव्हा गावचा नगराध्यक्ष होता आणि त्यानं जाहीरपणे हो म्हटलं होतं. एर्सीलिया आणि तिच्याबरोबरच्या आणखी चारपाच जणांनी विरोधात समिती काढली. रविवारी दुपारी सगळं घर जेवायला बसलं की पास्त्याची परात मधे यायच्या आधीच दोघांची जुंपायची.

"वहिनी, दूर पाण्यात चार खांब उभे राहिले म्हणून तुमच्या दुकानातली ॲस्पिरिन काय कडू होणार आहे का?"

"ॲस्पिरिन कडूच असते, भाऊजी. मासळी कडू झाली तर तिच्यावर काय औषध देऊ, ते सांगा."

"आणि पोरांना काय देता? आमचा बाप परक्याच्या देशात जमिनीखाली गेला आणि फुप्फुसं तिथेच ठेवून आला. माझ्या गावच्या पोरांनी तेच करायचं का? घरच्या अंगणात काम चालून आलंय आणि तुम्ही त्याला झाडूनं हाकलताय!"

एर्सीलियाचा नवरा फिओरावांते शाळेत गणित शिकवायचा. लोरेतोपेक्षा चार वर्षांनी मोठा, पण स्वभावानं अगदी उलटा. धाकटा बोलायला लागला की हा पाव मोडत बसायचा. "आधी जेवा," एवढंच म्हणायचा. "तेल लाखो वर्षं खाली पडलंय. अर्धा तास आणखी थांबेल."

मग निवडणूक झाली. समितीचा उमेदवार थोडक्या मतांनी निवडून आला. लोरेतो हरला आणि त्यानंतर भावाच्या घरी जेवायला यायचा थांबला. पुढं काही वर्षांनी फिओरावांते हृदयाच्या झटक्यानं अचानक गेला, तेव्हा अंत्यविधीला लोरेतो चर्चमध्ये अगदी मागे, दाराशी उभा राहिला. एर्सीलिया वळून पाहीपर्यंत निघूनही गेला होता.

दरम्यान रोमच्या सरकारनं कायदा केला, की किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत नवी विहीर नाही. त्या दिवशी धक्क्यावर ॲकॉर्डियन वाजलं, मच्छीमारांच्या सोसायटीची दोनातीना भर चौकात नाचली आणि एर्सीलियानं दुकान दुपारीच बंद केलं. काम फत्ते झालं असं सगळ्यांना वाटलं. तसं वाटणं साहजिकच होतं. पत्रकं वाटून, सह्या गोळा करून, पावसात मोर्चे काढून लोकांनी एक गोष्ट मागितली होती आणि त्यांच्या सरकारनं ती दिली होती.

पण कंपनीनं सरकारवर दावा लावला, आणि तोही इटलीच्या कोर्टात नाही. समितीचा वकील बेरार्दो यानं चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून हे समजावलं. नव्वदच्या सुमाराला, सोव्हिएत राज्य कोसळलं तेव्हा, पश्चिमेच्या कंपन्यांना पूर्वेकडच्या तेल-वायूत पैसा घालायची भीती वाटू नये म्हणून पन्नासेक देशांनी मिळून ऊर्जेचा एक करार केला होता. कुठल्या सरकारनं धोरण बदललं आणि कंपनीला तोटा झाला, तर कंपनीनं त्या देशाच्या न्यायाधीशापुढे जायची गरज नाही. तीन पंच नेमायचे, बंद दाराआड सुनावणी, आणि पंच म्हणतील ते सरकारला बंधनकारक.

"पण जाळं पूर्वेसाठी विणलं होतं ना?" कुणीतरी विचारलं.

"हो. पण जाळ्याला दिशा कळत नाही," बेरार्दो म्हणाला. "अडकलो आपणच."

"मग सरकारला म्हणावं, बाहेर पडा त्यातून."

"पडलंय. पण कराराला शेपूट आहे. बाहेर पडलं तरी जुन्या कंपन्यांना तो पुढची वीस वर्षं लागू."

दोनातीनानं कपाळावर हात मारला. "म्हणजे घटस्फोट घेतला तरी वीस वर्षं सासूची भांडी घासायची!"

सगळे हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. खटला वर्षानुवर्षं चालला आणि एका उन्हाळ्यात निकाल आला, कंपनीच्या बाजूनं. न खोदलेल्या विहिरीतून न निघालेल्या तेलाची भरपाई. आकडा ऐकून म्हाताऱ्यांनी पत्ते खाली ठेवले. पण एर्सीलियाला आकड्यानं तेवढं लागलं नाही. गोळ्या घ्यायला आलेली एक बाई काउंटरवर कोपरं टेकून सहज म्हणाली, "मग आपण जिंकलो होतो ते काय होतं, डॉक्टरीणबाई?" गावात औषधवालीलाही डॉक्टरीणच म्हणत. त्या प्रश्नानं ती खचली. पुढच्या बैठकीला हॉलमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच्या पुढच्या बैठकीला त्याहून जास्त.

आणि मग एका सकाळी दुकानाच्या दारावरची घंटा वाजली आणि आत लोरेतो आला.

तो म्हातारा झाला होता. इतक्या जवळून तिनं त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि उभं राहण्याची ढब हुबेहूब फिओरावांतेसारखी झाली होती. एका पायावर भार, डावा हात खिशात.

"रक्तदाबाच्या गोळ्या आहेत का?" त्यानं परक्या गिऱ्हाइकासारखं विचारलं.

"कुणासाठी?" एर्सीलियाही काही कमी नव्हती.

"आहे एक म्हातारा. डोकं फिरलंय त्याचं."

"कधीपासून?"

"तसं जन्मापासूनच. पण काल रात्री निकालाची बातमी सगळी वाचली, तेव्हापासून जास्त." त्यानं टोपी काढून काउंटरवर आपटली. "वहिनी, त्या तिघा पंचांनी मला बोलावलं का? तुम्हाला बोलावलं का? मी तर कंपनीच्या बाजूचा होतो! मलासुद्धा विचारलं नाही. गावात एकदा येऊन पाण्याला बोट तरी लावलं का कुणी?"

"नाही लावलं."

"मी हरलो तो या गावाकडून हरलो. समोर बसून, भांडून, मतं मोजून. जिव्हारी लागलं, पण तो हिशेब आपला आपल्यात होता. मी हो म्हणालो, तुम्ही नाही म्हणालात. हो म्हणायचं की नाही, हे ठरवायचा हक्क आपला होता. तो त्यांनी कुठे बसून विकला?"

एर्सीलियानं खण उघडला, गोळ्यांची डबी काढली, त्याच्यासमोर ठेवली. ज्या माणसाशी भांडण्यात उमेदीची वर्षं गेली, तोच माणूस तिच्या मनातलं वाक्य तिच्यापेक्षा नेमकं बोलत होता.

"बसा, भाऊजी," ती म्हणाली. "कॉफी टाकते."

त्याच सुमाराला ब्रसेल्समध्ये वेगळंच काही शिजत होतं. करारातल्या देशांनी कित्येक वर्षं वाटाघाटी करून एक सुधारलेला मसुदा तयार केला होता. काही सरकारं म्हणत होती, झालं ते पुरे, आता आत राहून सुधारू. काही म्हणत होती, हे घर दुरुस्तीपलीकडे गेलंय, सगळ्यांनी मिळून बाहेर पडू. युरोपच्या संसदेत यावर एक बैठक होणार होती आणि ज्या गावांना कराराचा चटका बसला त्यांच्यातून दोघादोघांना बोलावलं होतं. पुंता मोरेल्लातून एर्सीलिया आणि बेरार्दो जाणार असं ठरलं. पण बेरार्दोची बायको दिवस भरलेली, डॉक्टरांनी कुठल्याही क्षणी म्हणून सांगितलेलं. तो अडकला.

"माझ्याबरोबर लोरेतो येईल," एर्सीलियानं बैठकीत सांगितलं.

दोनातीना खुर्चीतून उठलीच. "तो? तो विहिरीच्या बाजूचा होता! उद्या तिथे उभा राहून म्हणेल, विहीर पाहिजेच."

"म्हणेलही."

"मग?"

"म्हणूनच नेते. विहीर नको असणारी मी एकटीच तिथे बोलले, तर त्यांना वाटेल, आपल्याला हवं ते मिळालं नाही म्हणून ही रडते. ज्याला विहीर हवी होती तोही माझ्या शेजारी बसलाय, हे पाहू दे त्यांना. आणि त्याला फ्रेंच येतं. तुला येतं का?"

दोनातीनाला फ्रेंचमधल्या फक्त शिव्या येत होत्या, त्याही बंदरात शिकलेल्या. ती पुटपुटत खाली बसली. पण निघायच्या दिवशी तिनंच पहाटे त्यांना विमानतळावर सोडलं आणि लोरेतोच्या हातात लोणचवलेल्या बारीक मासळीचा डबा कोंबला. "तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे," असं बजावून.

संसदेतली खोली एर्सीलियाला वाटली होती त्याहून लहान निघाली. काचेच्या पेट्यांत दुभाषे बसले होते. समोर सात-आठ सदस्य होते आणि त्यांत मधोमध ओदिल लांब्योत नावाच्या बाई, बेल्जियममधल्या शार्लरुआच्या कोळसाखाणींच्या भागातून निवडून आलेल्या. करड्या केसांचा आखूड बॉब, समोर पाण्याचा पेला. या बाईंचं मत अजून कुठेच पडलेलं नाही आणि त्यांच्या मागे आणखी बरेचजण जातात, असं एर्सीलियाला कुणीतरी सांगितलं होतं.

एर्सीलिया बोलली. समुद्राबद्दल, कायद्याबद्दल, त्या बाईच्या प्रश्नाबद्दल. घरी आरशासमोर बोलताना ते सगळं खणखणीत वाटलं होतं. इथे शब्द दुभाष्याच्या पेटीकडे जायचे आणि तिथेच राहिल्यासारखे वाटायचे. लांब्योतबाईंनी मात्र शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि नम्रपणे म्हणाल्या, "तुमच्या गावावर अन्याय झाला, यात शंका नाही. पण बाहेर पडलो तर ते वीस वर्षांचं शेपूट आपल्या मागे येतं. आत राहिलो तर कदाचित ते कापता येईल. नव्या मसुद्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी आहेत. माणसांनी खपून तयार केलाय तो. इतक्या सहज फेकून द्यावा का?"

प्रश्न सरळ होता. तिनं कागद उलटसुलट केले.

तेवढ्यात लोरेतोनं माइक आपल्याकडे ओढला आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागला.

पहिल्या वाक्यालाच लांब्योतबाईंची मान वर झाली. तो कुठल्या पुस्तकातलं फ्रेंच बोलत नव्हता. खाणवाल्यांच्या वस्तीतलं, जाडंभरडं, त्यांच्याच गल्लीतलं बोलत होता. एर्सीलियानं घाईघाईनं कानाला यंत्र लावलं. आणि मग एका अनोळखी दुभाषी बाईच्या मऊ आवाजात तिला तिच्या दिराचे शब्द ऐकू आले.

"मॅडम, युद्धानंतर आमच्या सरकारनं तुमच्या सरकारशी एक करार केला. आम्ही माणसं द्यायची, तुम्ही कोळसा द्यायचा. तोही ऊर्जेचाच करार. माझा बाप त्या करारानं आला. मागून आई आणि आम्ही दोघं भाऊ. आम्हाला राहायला पत्र्याच्या झोपड्या दिल्या. आधी त्यांत युद्धकैदी ठेवले होते. हिवाळ्यात आतल्या भिंतीवर बर्फ धरायचा. लोक ओरडले, तेव्हा सुधारणा झाली. काही झोपड्यांना खिडकी बसवली. पुढं चूल दिली. नंतर नळ आला. दर सुधारणेला माझी आई देवाचे आभार मानायची, आणि बरोबरच होतं तिचं, खिडकी ही चांगली गोष्ट आहे. पण करार तोच राहिला. माणसं खाली जातच राहिली. एका उन्हाळ्यात खाणीत आग लागली आणि शेकडो माणसं वर आलीच नाहीत. मग आमचं सरकार म्हणालं, आता बस. आता माणसं पाठवणार नाही. तेव्हा कुठे ते थांबलं. खिडक्यांनी थांबलं नाही, मॅडम. नाही म्हटल्यावर थांबलं."

लोरेतो दम घ्यायला थांबला आणि मग आवाज जरा खाली आला. दुभाषी बाईचाही आला.

"शेपटाची भीती मलाही आहे. पण शेपूट निघाल्याच्या दिवसापासून मोजायला सुरुवात होते. जितके उशिरा निघू तितकं ते उशिरा संपेल. या माझ्या वहिनी. यांचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, आठ वर्षांचा असताना मला पाठीवर घेऊन शाळेत जायचा. कारण बुटांची जोडी दोघांत एक होती आणि ती त्याच्या मापाची होती. मी आयुष्यभर ठरवलं होतं, माझ्या गावच्या पोरांना असं कुठे जावं लागू नये. म्हणून मी तेलविहिरीला हो म्हणालो. अजूनही म्हणेन. पण हो आणि नाही आमचं आम्हाला म्हणू द्या."

लांब्योतबाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला. "कुठली वस्ती?"

त्यानं नाव सांगितलं. बाई हसल्या, पण डोळे वेगळेच दिसत होते. "माझी आजी त्याच रस्त्यावर भाजी विकायची," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईला तिनं उधार दिलं असेल."

"दिलं असेल तर अजून परत केलेलं नसणार," लोरेतो म्हणाला, आणि सगळी खोली हसली.

एर्सीलिया हसली नाही. तिच्या कानात अजून त्या अनोळखी बाईचा आवाज होता आणि डोळ्यांसमोर आठ वर्षांचा फिओरावांते, पाठीवर धाकट्याला घेऊन बर्फातून चाललेला. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाशी. लहानपणाबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "थंडी होती," आणि विषय बदलायचा.

बाहेर पडल्यावर दोघं एका चौकात बाकावर बसले. लोरेतोनं कागदाच्या कोनातले गरम तळलेले बटाटे आणले होते, वर मीठ आणि भरपूर मेयोनेज. सत्तरी गाठलेला रक्तदाबाचा रोगी, आणि औषधवाल्या बाईसमोर हे. एर्सीलियानं डोळे वटारले आणि मग स्वतःच एक उचलला.

"यांनी मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "बुटांचं."

"कसा सांगेल? कोळसा खणणाऱ्याचं पोर म्हणून मास्तर लोक त्याला काळतोंड्या म्हणायचे. मला म्हणाला होता, लोरे, हे सगळं इथेच सोडून जायचं. गणित शिकला त्यामागे तेच होतं. आकड्यांना गाव नसतं म्हणायचा." लोरेतोनं बोटं पुसली. "त्याच्या अंत्यविधीला मी दाराशीच उभा राहिलो. आत आलो असतो तर तुमच्या गळ्यात पडून रडलो असतो आणि मग मी कुणाच्या बाजूचा तेच लोकांना कळलं नसतं."

"मी वळले तेव्हा तुम्ही नव्हता."

"होतो. बाहेर पायरीवर. सगळे जाईपर्यंत."

समोरून ट्राम घंटा वाजवत गेली. एर्सीलियानं दिराच्या बाहीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. आज सकाळी ती इथे आपल्या समुद्राची बाजू मांडायला आली होती, आणि हा माणूस तिला तिच्या नवऱ्याचं अख्खं बालपण देऊन बसला होता. आभार कसे मानावेत, इटालियनमध्ये की फ्रेंचमध्ये, तिला सुचेना. तिनं कोनातला सर्वांत मोठा बटाटा निवडून त्याला दिला.

"हा शेवटचा," ती म्हणाली. "गोळीची वेळ झाली."

त्यानंतरही ती दोघं आणखी दोनदा ब्रसेल्सला गेली. एकेक देश बाहेर पडत असल्याचं जाहीर करत गेला. सुधारलेल्या मसुद्यावर एकमत होईना. शेवटी, दीडदोन वर्षांनी वसंतात, युरोपच्या संसदेत मतदान झालं आणि मोठ्या बहुमतानं ठरलं, सगळ्या संघानं करारातून बाहेर पडायचं. लांब्योतबाईंचं मत बाहेर पडण्याच्या बाजूनं पडलं. लोरेतोच्या भाषणानं ते झालं असं शहाणं माणूस म्हणणार नाही. कुणाकुणाच्या किती वर्षांच्या खटपटी होत्या त्यामागे. लोरेतो स्वतःही तसं म्हणू द्यायचा नाही. पण पत्ते कुटणारे म्हातारे म्हणायचेच, आणि त्यांचं तोंड कोण धरणार?

समितीनं जूनमधल्या एका रविवारी दुपारी धक्क्यावर जेवण ठेवलं. मोठ्या पातेल्यांत ब्रोदेत्तो, म्हणजे टोमॅटो आणि गोड मिरची घालून शिजवलेलं माशांचं कालवण, आणि त्यात बुडवायला भाजलेला पाव. लांबलचक टेबलं मांडली. लोरेतोला निरोप गेला होता, पण तो आला नाही. एर्सीलिया ॲप्रन काढून त्याच्या घरी चढून गेली. तो अंगणात अंजिराखाली बसला होता, कपडे मात्र बाहेर जायचे घातलेले.

"टाय लावून अंजिरं राखताय का?" तिनं विचारलं.

"वहिनी, नका. तो त्यांचा सण आहे. मी हरलेल्यातला."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मला अजून वाटतं, त्या विहिरीनं आपली दहावीस पोरं गावात राहिली असती. माझा स्वतःचा मुलगा कामासाठी दूर तोरीनोला आहे. ते मी तिथे जाऊन गिळू कसं?"

"राहिली असती," एर्सीलिया म्हणाली. "खरंच राहिली असती काही जणं. मी कधी नाही म्हटलं नाही तसं. म्हणजे भांडताना म्हटलं असेल. आता म्हणत नाही." ती त्याच्यासमोर दगडी कट्ट्यावर बसली. "भाऊजी, मी तुम्हाला मत बदला म्हणायला आलेली नाही. तुम्ही वेगळ्या मताचे असून माझ्या शेजारी बसलात, म्हणून आपलं ऐकलं गेलं. ते माझ्यासारख्या दहा जणींनी झालं नसतं. आणि तुम्ही मला फिओरे दिलात. मी त्याला पुरलं तेव्हा तो बहात्तर वर्षांचाच होता. आता तो आठ वर्षांचाही आहे. आभार मानायचे राहिले होते, ते मानते. आता उठा, कालवण गार होतंय."

लोरेतोनं टाय सैल केली. "मिरची किती घातलीय दोनातीनानं?"

"नेहमीइतकी."

"म्हणजे गोळी बरोबर घ्यायला हवी."

तो धक्क्यावर आला तेव्हा टेबलांवरचा आवाज जरा कमी झाला. दोनातीना डाव घेऊन पातेल्यामागे उभी होती. तिनं लोरेतोला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलास? मला वाटलं, समुद्रात खांब दिसल्याशिवाय तू धक्क्यावर पाय ठेवणार नाहीस."

"खांब नाही, तर निदान मासा दिसतोय का बघायला आलो. तुझ्या कालवणात तो कधी सापडला नाही."

"थांब, दाखवते!" आणि तिनं त्याच्या ताटलीत इतकं वाढलं की पाव ठेवायला जागा उरली नाही. वर ती त्याच्या शेजारी सरकून बसली आणि त्यानं तिला फ्रेंचमधल्या दोन नव्या शिव्या शिकवल्या. हळूहळू बाकीचेही बोलू लागले. कुणीतरी म्हणालं, नगराध्यक्षांनी दोन शब्द बोलावेत. जुना नगराध्यक्ष पेला घेऊन उभा राहिला.

"मी तुमच्याकडून हरलो," तो म्हणाला. "आणि आज पहिल्यांदाच त्याबद्दल तुमचे आभार मानतो. कुणाकडून तरी हरायचंच होतं, तर आपल्या माणसांकडून हरलो हे बरं झालं." एवढं बोलून तो खाली बसला. म्हाताऱ्यांतल्या एकानं डोळे पुसले आणि मिरचीला दोष दिला.

बाहेर पडणं पुढच्या वर्षी उन्हाळ्यात लागू झालं. पुंता मोरेल्लाचा जुना निकाल रद्द करावा म्हणून सरकारनं केलेला अर्ज अजून रेंगाळतोय, आणि सगळ्या युरोपच्या शेपटाची वर्षं मोजायला आता सुरुवात झालीय. एर्सीलिया म्हणते, सुरुवात झाली हेच खूप.

त्या शरदात तिनं लोरेतोला म्हटलं, मला ती वस्ती दाखवा. दोघं शार्लरुआला गेली. लांब्योतबाई स्वतः गाडी चालवत त्यांना तिथवर घेऊन गेल्या. झोपड्या केव्हाच नाहीशा झाल्या होत्या. त्या जागी भाजीचे वाफे होते, एकेका घराला एकेक वाफा, बारीक तारेच्या कुंपणांनी वाटलेले. कोळशाच्या मातीचा जुना डोंगर आता झाडांनी हिरवा झाला होता. लोरेतो चालता चालता थांबला, इकडे तिकडे पाहिलं, दोन पावलं मागे गेला.

"इथे दार होतं," तो म्हणाला. "आणि शाळेची वाट ती तिकडे, चढावरून."

एर्सीलिया त्या चढाकडे बघत राहिली. वाफ्यात काम करणारी एक तरुण बाई कंबर सरळ करून उभी राहिली आणि तिनं विचारलं, कुणाला शोधताय का? लोरेतोनं दोन वाक्यांत सांगितलं. ती बाई मोरोक्कोहून आलेल्या आजोबांची नात निघाली. तेही खाणीतलेच. तिनं कुंपणावरून वाकून आपल्या हातातली, कांद्याच्या पातीसारख्या लीकची जुडी एर्सीलियाकडे दिली, मुळांना माती तशीच.

"घ्या," ती म्हणाली. "इथली माती चांगली आहे आता."

एर्सीलियानं जुडी दोन्ही हातांनी घेतली. "मेर्सी," ती म्हणाली. आभाराचा तो एकच फ्रेंच शब्द तिला येत होता.